घरची फेरी

आमच्या छावणीतल्या कारखान्यात तांगा तयार झाला, की तो लगेच गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे. आधी त्यात आमच्या घरची माणसं बसायची. माय, मी आणि उस्मानपुऱ्याहून मुद्दाम बोलावून आणलेले थोरले चुलते, आबा. घोडा गिऱ्हाइकाचाच असे, पण लगाम अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, हातात. ते छावणीच्या बाजाराला एक वळसा घालून तांगा परत आणत, आणि मगच तो ज्याचा त्याला मिळे. ह्याला आम्ही घरची फेरी म्हणायचो. ज्यात आपली माणसं बसवायची छाती नाही, ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये, असं माझे आजोबा म्हणत, आणि त्यांच्यामागं अण्णांनी ही रीत कधी मोडली नाही. गिऱ्हाईक तोवर दारात उभं राहून चहा पीत असे. मायला ह्या फेरीसाठी ठेवणीतलं लुगडं नेसावं लागे, म्हणून ती कुरकुरायची. पण तांगा होत आला की आदल्या दिवशीच ते लुगडं दोरीवर वाळत पडलेलं मी पाहिलेलं आहे.

कारखाना हा शब्द तसा मोठाच झाला. कडुलिंबाखाली पत्र्याची एक लांबोडी शेड, आणि तिच्या पाठीला पाठ लावून आमच्या दोन खोल्या. मधली भिंत नावाला होती. अण्णांचं मन ठिकाणावर आहे की नाही, हे मायला चुलीपुढं बसल्या बसल्या कळायचं. रंधा लांब पल्ल्यानं चालला की सगळं ठीक. लाकूड तासायच्या वाकसाचे घाव तुटक पडायला लागले, की कुणीतरी टोचून बोललं असं समजायचं, आणि मग त्या दिवशी भाकरीबरोबर येसराची आमटी व्हायची, कारण तिच्यापुढं अण्णांचा राग टिकत नसे. चाकाला लोखंडी धाव चढवायचा दिवस तर आमच्याकडं सणासारखा. गोवऱ्यांच्या जाळात पट्टा लाल करायचा, चाकावर ठोकून बसवायचा आणि वरून घागरी उपड्या करायच्या. चर्र आवाज आणि वाफ थेट स्वयंपाकघरापर्यंत. माझ्या केसांना त्या धुराचा वास यायचा आणि शाळेतल्या मुली नाकं मुरडायच्या. मुरडू देत. त्यांच्यातल्या निम्म्या माझ्या वडलांच्या तांग्यातून शाळेत यायच्या, आणि ज्या गादीवर बसायच्या तिच्यातला काथ्या माझ्या मायनं पिंजलेला आणि वरचं चामडं मी शिवलेलं असायचं.

पोलीस ॲक्शन झाली आणि आमच्या धंद्याचा रंग बदलला. बग्ग्या करून घेणारी जहागीरदार मंडळी कुणी हैदराबादेला, कुणी त्याहून लांब निघून गेली. उरले भाड्याचे तांगे, आणि त्यांच्याही वाट्याला सायकलरिक्षा येऊन बसल्या. अशाच एका जहागीरदाराच्या हवेलीतले ड्रायव्हर-मिस्तरी म्हणजे आमचे करीममामू. मालक गेले, मामू इथंच राहिले. मायला ते आपा म्हणत, म्हणून ते माझे मामू. त्या दिवसांविषयी मला इथं फार लिहायचं नाही. एवढंच सांगते, की ॲक्शनच्या आधी काही दिवस आम्ही त्यांच्या घरी झोपलो, आणि ॲक्शननंतर काही दिवस ते आमच्या घरी. तेव्हापासून मामू रोज सकाळी कारखान्यात यायचे आणि घरचंच असल्यासारखं काहीतरी दुरुस्त करत बसायचे.

हवेली विकली गेली तेव्हा घेणाऱ्याला तिथली अडगळ नको होती, आणि त्या अडगळीत एक जुनी अमेरिकन बनावटीची उघडी मोटार होती. तिच्या टपाच्या चिंध्या झालेल्या, मागच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालत, आणि इंजिन फुटलेलं. मामूंना ती सोडवत नव्हती आणि अण्णांना तिच्या खालच्या सांगाड्याची सरळ रेघ आवडली. त्यांनी ती मागून घेतली आणि बैल जुंपून ओढत छावणीत आणली. भर बाजारातून बैलांनी ओढलेली मोटार निघाली म्हटल्यावर लोकांना हसायला काय कारण लागतं? त्यात सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आमचे आबा. म्हणाले, बैलानं आलेली मोटार बैलानंच जाणार.

आता तिला रूप कसं द्यायचं, हे मात्र मी ठरवलं, आणि हे मी अभिमानानं सांगते. छावणीतल्या रद्दीवाल्याकडं गोऱ्या साहेबांच्या वेळची गुळगुळीत कागदांची मासिकं यायची. माय ती फडताळात अंथरायची. एक दिवस डाळीचा डबा उचलला आणि खाली चित्र दिसलं: चार पोरं एका जुन्या मोटारीत बसलेली, मोटारीला छप्पर नाही, चाकांवर चिखल अडवायचे पंखे नाहीत, इंजिनावर झाकण नाही, आणि पोरांच्या तोंडावर राजाचा रुबाब. मी ते कापून घेतलं आणि कोळशानं शेडच्या भिंतीवर तशी गाडी काढली, फक्त आमच्या सांगाड्याच्या मापाची. अण्णा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "छप्पर नाय, पंखे नाय," ते म्हणाले, "म्हंजे सगळं काम उघडं. चुकलं तर झाकायला जागा नाय." मला वाटलं, झालं, पुसणार. पण त्यांनी त्याच कोळशानं माझ्या चित्रातली एक रेघ सरळ केली आणि शिसवाची फळी काढायला गेले. आमच्या घरात हाच होकार असे. परवा माझ्या पुतण्याच्या मुलानं मोबाइलवर अशा गाड्या दाखवल्या. म्हणाला, आजी, ह्यांना हॉट रॉड म्हणतात, ह्यांच्या जत्रा भरतात. भरत असतील. आम्हाला नाव ठाऊक नव्हतं, आम्ही केली.

मामूंनी लष्कराच्या भंगारातून एका जीपचं इंजिन मिळवलं. ते मूळच्या इंजिनापेक्षा पुष्कळ लहान आणि हलकं, त्यामुळं मागच्या दांड्याशी जोडायला ते बरंच मागं ओढून बसवावं लागलं. अण्णांनी शिसवाची चौकट केली, तिला होडीसारखा बाक दिला, आणि पुढं धक्का सोसायला बाभळीची रुंद फळी ठोकली. दिवे तांग्याचेच, पितळी. ते घासायचं काम माझं. चिंचेनं घासून घासून माझी बोटं आंबट झाली होती. मायनं गाद्या भरल्या, पण रोज एकदा विचारायचीच, की बिनछपराच्या गाडीत बसून उन्हात करपायचं कुणाच्या हौसेनं. रंग लाल, चाकं पिवळी. मागची बैठक अण्णांनी नेहमीच्या हातानं चांगली मागं सरकवून बसवली, घोड्याच्या पाठीवर भार येऊ नये तशी. त्यांच्या तांग्याचा तो लौकिकच होता, की घोड्याच्या पाठीला कधी फोड येत नाही. ह्या गाडीला घोडा नाही, हे तेव्हा आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

गाडी चालती झाल्यावर मामूंनी मला छावणीबाहेरच्या मोकळ्या माळावर स्टेअरिंग शिकवलं. मी पहिल्याच दिवशी बाभळीच्या झुडपात घुसले, आणि मामू शांतपणे म्हणाले, "हौ, अब मालूम हुआ ना ब्रेक कायको लगाते." पुढं मला बरं जमायला लागलं. हे आबांच्या कानावर गेलं आणि ते उस्मानपुऱ्याहून तडक आले. आबांचं तिथं किराण्याचं दुकान होतं. अंगानं भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. तरुणपणी तेही आजोबांच्या हाताखाली तांगेच करत. आजोबांनी जन्मल्या जन्मल्याच त्यांच्या हातात रंधा दिला, असं त्यांच्याबद्दल म्हणायचे. पुढं हे लाकूडकाम भिकेला लावणार म्हणून त्यांनी हत्यारं खाली ठेवली. शेड आजोबांची, म्हणजे दोघा भावांची. लाकडाची वखार टाकायला एक व्यापारी ती मागत होता, आणि अण्णांना सरकारी बांधकामावर सुताराची नोकरी लागत होती. आबा वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटे की धाकटा भाऊ बुडतोय आणि त्याला केसाला धरून बाहेर काढलं पाहिजे. पण केस ओढले की दुखतंच.

त्या दिवशी ते पोरीच्या हाती मोटार दिल्याबद्दल मला बोलले, मामूंना बोलले, आणि शेवटी मुद्द्यावर आले. तांगेवाल्यानं तांगे करावेत. मोटार हे येरागबाळ्याचं काम नाही. अण्णा सहसा उलट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. महाशिवरात्रीला तुम्हाला ह्याच गाडीत बसवून वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला नेतो, ती घरची फेरी. वाटेत एकदा जरी गाडीला बैल जुंपावा लागला, तर शेड तुमच्या व्यापाऱ्याला, आणि मी नोकरीला. दौलताबादच्या घाटात तेव्हा भरल्या लॉऱ्यासुद्धा दमायच्या, आणि पायथ्याचे शेतकरी जास्तीची जोडी घेऊन बसलेले असत, हे दोघांनाही माहीत होतं. आबांनी हात पुढं केला. अण्णांनी कारखान्याची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती करदोट्याला बांधली आणि भिंतीपलीकडं मायच्या हातातलं भांडं खाली पडलं.

महाशिवरात्रीला आम्ही उन्हं वर यायच्या आत निघालो. मामू स्टेअरिंगवर, शेजारी अण्णा. मागं मध्यभागी आबा, त्यांच्या एका अंगाला माय, दुसऱ्या अंगाला मी, आणि पायाशी उकडलेली रताळी, भगर, शेंगदाण्याच्या आमटीची बरणी आणि पाण्याची घागर. मामूंच्या घरून उपासाला चालतील म्हणून केळी आणि खजूर आले होते. पडेगाव मागं पडलं, मिटमिटा मागं पडलं. तोंडावर गार वारा, खाली इंजिनाची धडधड आणि पितळी दिव्यांत आभाळ. जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांतली माणसं उभी राहून बघायची. मायनं आधी पदर नाकापर्यंत ओढला होता. दौलताबादच्या किल्ल्यापाशी जांबं, म्हणजे पेरू, घ्यायला थांबलो तोवर तो खांद्यावर आला होता, आणि ती जांबंवालीला ह्या गाद्या आपण भरल्याचं सांगत होती. बिनछपराच्या गाडीला तिनं नंतर कधी नावं ठेवली नाहीत. आबा मात्र तोंड मिटून बसले होते. रताळं दिलं तर तेवढं घेतलं.

घाटाच्या पायथ्याशी एक शेतकरी जोडी घेऊन झाडाखाली बसला होता. आम्हाला पाहून तो उठला आणि हसत मागून चालू लागला, घाईसुद्धा न करता. पहिला चढ गाडीनं बरा घेतला. पहिलं अवघड वळण आलं, मामूंनी स्टेअरिंग फिरवलं, आणि गाडी वळलीच नाही. ती सरळ कठड्याच्या दगडांकडं निघाली. मामूंनी ब्रेक दाबला, मी उडी टाकून चाकामागं दगड लावला. मामू म्हणाले, स्टेअरिंग हातात एकदम हलकं झालं, जसं काही खाली चाकच नाही. अण्णांनी खाली निजून सगळे सांधे तपासले. पक्के होते. इंजिनाचे बोल्ट बघितले, तेही पक्के. गाडी थोडी मागं घेऊन पुन्हा चढवली, तेच झालं. खरं दुखणं कुणाला दिसेना, कारण सगळ्यांचं डोकं इंजिनात अडकलं होतं. मोटार आहे म्हणजे दुखणंही मोटारीचंच असणार. तोवर शेतकरी येऊन पोचला आणि त्यानं अदबीनं विचारलं, "जोडू का मालक?" अण्णा कठड्यावर बसले. त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. ते हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते, आणि मला रडू आलं. चित्र माझं होतं, पंखे मी काढायला लावले होते, आणि शेड जाणार होती ती त्यांची. आबा गाडीतच बसून होते. त्यांनी करदोट्याची किल्ली चाचपली, पण काढली नाही.

मामू म्हणाले, आखिरी एक बार. सगळे बसलो. इंजिन गरजलं, गाडी वर सरकली, वळणाशी आली, आणि तिचं तोंड हलकेच वर उचललं गेल्याचं मला मागं बसून अंगाला कळलं. त्याच क्षणी शेजारून आवाज आला, सगळा घाट दणाणेल असा.

"उलाळ झालाय, पुढं सरका!"

ज्यानं तांग्यातून प्रवास केलाय त्याला हे सांगायला नको. मागं ओझं जास्त झालं की तांग्याची पुढची बाजू वर उचलते, तो उलाळ. चढावर तांगेवाला ओरडतो, आणि बसलेली माणसं काही न विचारता पुढं सरकतात. आम्हीही सरकलो. मी आणि माय पुढच्या बैठकीच्या पाठीवर ओणवलो, अण्णा तर पार इंजिनावर वाकले, आणि गाडीनं वळणाचं ऐकलं. पुरतं नाही, पण ऐकलं. मामूंनी ती वळणाच्या मधोमध थांबवली आणि मी पुन्हा दगड लावला. मग सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. ओरडले होते ते आबा. आपण काय केलं हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा लाल झाला होता. वर्षानुवर्षं तराजू धरलेला माणूस, पण तांग्यात वाढलेलं अंग, ते थोडंच मालकाला विचारून बोलतं?

आबा सावकाश खाली उतरले. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, मागची बैठक पाहिली, मागं ओढलेलं इंजिन पाहिलं आणि अण्णांना म्हणाले, "घोडा कुठं जुंपला रे, बैठक इतकी मागं घेऊन?" मग आबांनी धोतराचा काचा मारला, टोपी मायकडं दिली, आणि पुढं जाऊन त्या बाभळीच्या फळीवर, दोन पितळी दिव्यांच्या मधे, गाडीकडं तोंड करून बसायला लागले.

अण्णा धावत पुढं गेले. "दादा, राहू द्या. शब्द तो शब्द. आपल्या जोरावर चढायची होती."

"शब्द बैलाचा होता," आबा म्हणाले. "मी काय बैल हाय व्हय?"

मायला हसू आवरेना. तिनं तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. मामूंनी कपाळाला हात लावून आबांना सलाम केला आणि गाडी सोडली. आता पुढची चाकं रस्त्याला अशी चिकटली की विचारू नका. आबा दोन्ही हातांनी दिवे धरून बसलेले, इंजिनाची गरम हवा तोंडावर घेत, आणि वळण आलं की मान मागं वळवून रस्ता बघत मामूंना वरच्या पट्टीत सूचना देत. वळणामागून वळण गेलं. शेतकरी जोडी धरून जिथल्या तिथं उभा राहिला आणि बघता बघता लहान झाला. घाटमाथ्यावर कागजीपुऱ्यात माणसं कागदाची कामं टाकून रस्त्यावर आली. त्यांनी मोटार पाहिली होती, पण नाकावर किराणा दुकानदार बसवलेली लाल मोटार पाहिली नव्हती. खुलताबादला लोकांनी टाळ्या वाजवल्या. सपाट रस्ता लागला तरी आबा खाली उतरायला तयार नव्हते, मायनं घृष्णेश्वराची शपथ घातली तेव्हा उतरले. आयुष्यात पुढं मी पुष्कळ ठिकाणी मानानं गेले, पण त्या दिवशी वेरूळच्या जत्रेत शिरताना माझी मान जितकी ताठ होती तितकी पुन्हा झाली नाही.

दर्शनाला रांगेत उभे असताना अण्णांनी किल्लीचा विषय काढला नाही, आबांनीही नाही. परत छावणीत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आबांनी करदोट्याची किल्ली सोडली, स्वतः शेडचं कुलूप काढलं, आणि किल्ली दाराआडच्या आज्याच्या वेळच्या खिळ्याला अडकवली. मग भिंतीपाशी माझ्या चित्राखाली पडलेला कोळसा उचलून त्यांनी गाडीच्या चौकटीवर आडवी रेघ ओढली. "हितंपर्यंत बैठक पुढं घे," ते अण्णांना म्हणाले. "आन् उद्या नाय, आत्ता. वाकस दे मला." इतक्या वर्षांनी त्यांनी हत्यार धरलं होतं. भिंतीपलीकडून मला दोन वाकस ऐकू येत होते, एक अण्णांचा, एक त्यांचा, आणि मायनं सकाळी उपास सोडायला म्हणून येसराची आमटी रात्रीच टाकली, कुणालाही राग आलेला नसताना. त्याच शेडमधून पुढं लॉऱ्यांच्या बॉड्या झाल्या, वेरूळला पाहुणे नेणाऱ्या जीपांच्या बैठका झाल्या, आणि आमचं घर त्यावर उभं राहिलं. पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक नव्या जागी बसली. बैठक हलली म्हणजे गाडी नवी, आणि नव्या गाडीची घरची फेरी झालीच पाहिजे, असं आबांनी जाहीर केलं. मायनं कालचंच लुगडं पुन्हा नेसलं. मामू सवयीनं स्टेअरिंगकडं गेले, तर आबांनी त्यांना खांद्याला धरून मागच्या बैठकीवर बसवलं, आपण पुढं डाव्या बाजूला जाऊन ऐसपैस बसले, आणि स्टेअरिंगपुढची मोकळी जागा हातानं थोपटत मला म्हणाले,

"बस सिंधे. फेरी घरच्यांची हाय. तू चालव."